नळी गळ्यात आहे, कानांत नव्हे

अर्धांगवायूचा मोठा झटका आलेल्या रोग्याला कधी कधी पुष्कळ दिवस श्वासयंत्रावर ठेवावे लागते. तेव्हा डॉक्टर गळ्याला पुढून छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवतात. तिच्यातून श्वास चालतो, कफही काढता येतो. पण ही नळी स्वरयंत्राच्या खाली असल्यामुळे वारा वर पोचत नाही आणि आवाज उमटत नाही.

असा माणूस बांबोळीच्या इस्पितळातून लाटंबार्से येथे घरी आला की आपण काय करतो? त्याच्या खाटेशी उभे राहून, तो तेथे नसल्यासारखे त्याच्याविषयी बोलतो. यंदा काजूची बाग कोणाला मक्त्याने द्यायची, हेही परस्पर ठरवून टाकतो. जन्मभर ज्याने ती बाग राखली, तो नुसता बघत राहतो. आमच्या मते हा अन्याय आहे.

लूकच्या शुभवर्तमानातला जखऱ्या आठवा. त्याची वाचा गेली होती, तरी मुलाचे नाव काय ठेवायचे हे लोकांनी त्यालाच खुणांनी विचारले. त्याने पाटी मागवून नाव लिहिले. वाचेबरोबर बापाचा हक्क गेला नव्हता.

आपल्या घरीही पाटी ठेवावी. मात्र मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली असेल, तर पुष्कळदा शब्दच सापडत नाहीत, लिहिणेही जमत नाही. अशा वेळी एका वेळी एकच साधा प्रश्न विचारावा. ‘होय’ला एकदा डोळे मिटणे, ‘नाही’ला दोनदा, अशी खूण ठरवावी आणि उत्तराची वाट पाहावी. घाई करू नये.

नळीची निगा इस्पितळातील परिचारिकेने शिकवल्याप्रमाणेच ठेवावी. चुलीचा धूर, मळणीची धूळ व औषधफवारणी यांपासून रोग्याला दूर ठेवावे. नळी चोंदून श्वास कोंडू लागला तर शिकवल्याप्रमाणे ती तत्काळ साफ करावी आणि १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी. गिळण्याची तपासणी होईपर्यंत मायेपोटीही तोंडाने पेज भरवू नये; ती फुप्फुसात जाऊ शकते. पवित्र ख्रिस्तप्रसादाविषयीही आधी डॉक्टरांना विचारावे व फादरांना तसे सांगावे. गरज असेल तेव्हा केवळ द्राक्षारसाच्या रूपात प्रसाद देण्यास ख्रिस्तसभेची मुभा आहे. पण त्याचे थेंबही गिळता येतील की नाही, हे डॉक्टरच सांगतील.

अभ्यंगसंस्कारासाठी फादरांना शेवटच्या घटकेला बोलावण्याची आपली सवयही सुटायला हवी. हा संस्कार केवळ मरणाच्या दारी असलेल्यांसाठी नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ सालीच सांगितले आहे.

नळी नेहमीच कायमची नसते. खोकला जोरकस झाला, गिळणे सुधारले, की डॉक्टर ती आधी थोडा थोडा वेळ बंद ठेवून पाहतात व जमल्यास काढतात. छेद बहुधा आपोआप भरतो. कोणाला नळी असतानाच विशेष झडप लावून बोलता येते. कोणाला मात्र महिनोन्महिने धीर धरावा लागतो.

३ फेब्रुवारीला संत ब्लेझच्या सणाला आपण गळ्यावर आशीर्वाद घेतो. त्या दिवशी अशा एका शेजाऱ्याच्या घरी जावे, खाटेजवळ बसावे आणि घरच्यांना नव्हे, त्यालाच विचारावे, “कसे आहात?”