घरशाळा : अर्ध्या सत्राचा हिशेब

जूनच्या अखेरीस आम्ही आमच्या साडेसहा वर्षांच्या मुलीला शाळेत न पाठवता घरीच शिकवायला सुरुवात केली. परवा, धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतरच्या रविवारी, मी आणि तिचे वडील वही घेऊन बसलो. सत्र अजून संपलेले नाही. पण आपण चुकत असू, तर ते कळायला सत्र संपायची वाट कशाला पाहायची? तो हिशेब इथे मांडते आहे, कारण हा प्रश्न आमच्या एका घराचा नाही. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या बौद्ध जोडप्यांच्या तोंडून "या शाळांत पोरांना पाठवण्यापेक्षा घरीच शिकवू" हे मी आता अनेकदा ऐकते.

आधी कारण सांगते. शाळेचे नाव लिहीत नाही. अशा शाळा तुमच्याही गावात आहेत. बालवाडीत "आपले देव" काढायला सांगितले होते. पोरीने बुद्ध आणि बाबासाहेब काढले. बाईंनी भर वर्गात विचारले, "तुमच्या घरी देव नाहीत का?" बुद्ध देव नाहीत, हे तर आम्हीही मानतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेले घर आहे आमचे. पण प्रश्न त्या अर्थाने विचारलेला नव्हता, आणि वर्गाला तो बरोबर कळला. दुसऱ्या आठवड्यात दोन मुलींनी तिच्यासोबत डबा खाणे बंद केले. तक्रार केली, तर उत्तर मिळाले, "लहान मुले आहेत, मनावर घेऊ नका." आम्ही मनावर घेतले आणि मुलीला काढले.

आता प्रगती. वाचनात ती पुढे आहे. जोडाक्षरे येतात, दुसरीच्या पुस्तकातली गोष्ट अडखळत का होईना वाचते. दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलवर उभी राहून मुखपृष्ठांवरची नावे मोठ्याने वाचत होती. लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ आहे, तो वयाचा आहे. गणितात मात्र अडली आहे. वीसच्या आतली बेरीज-वजाबाकी काड्यांवर जमते. पण एकोणतीस म्हटले की ३९ लिहिते, कारण कानावर "तीस" पडते. हे वर्गातल्या अनेक मुलांचे होते. वर्गात एक मूल चुकते, दुसरे हसून दुरुस्त करते, तिसरे त्यातून शिकते. घरी चुकणारीही तीच आणि ऐकणारीही तीच.

इथपर्यंत हिशेब वाईट नव्हता. मग वहीत शेवटचा रकाना आला : "कोणाबरोबर शिकली?" चार महिन्यांत तिथे "आई", "बाबा" आणि सुट्टीत आलेली मावसबहीण एवढेच लिहिता आले. त्याच संध्याकाळी ती बाहुल्यांची शाळा मांडून बसली होती. चार बाहुल्या एका ओळीत आणि एक दाराजवळ, एकटी. मी विचारले, ही वेगळी का? ती म्हणाली, "तिच्याबरोबर कुणी डबा खात नाही."

चार महिने आपण पोरीला अपमानापासून वाचवले, असे मी समजत होते. आम्ही फक्त तिला अपमानाच्या जागेवरून उचलले होते. अपमान तिच्यासोबत घरी आला होता, आणि त्याला उत्तर द्यायला लागणाऱ्या मैत्रिणी घरात नव्हत्या.

दुसरा धक्का वस्तीत बसला. माझे काम शाळा सुटलेल्या मुलींना परत वर्गात बसवण्याचे. घरशाळेमुळे ते अर्ध्या वेळेवर आले होते. घरशाळा बहुतेक वेळा आईच्याच खांद्यावर उभी राहते, हेही हिशेबात धरा. धाकट्या भावाला सांभाळायला घरी ठेवलेल्या दहा वर्षांच्या मुलीच्या आईला मी समजावत होते. ती म्हणाली, "मॅडम, तुमची पोरगी घरीच शिकते म्हन्ता, मंग माहीले काऊन शाळेत धाडू?" माझ्याकडे एम.ए.ची पदवी आहे, पुस्तकांचे कपाट आहे, नवऱ्याचा पगार आहे. तिच्याकडे शाळा सोडून दुसरे काही नाही. माझ्यासारख्यांनी शाळा सोडली, की त्या शाळेत भांडायला कोण उरते?

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत भिवाचे नाव दाखल झाले. महाराष्ट्रात हा दिवस आता विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो, आणि काही दिवसांत आपण तो साजरा करू. भाषणात गोणपाट येईल, शिपाई नसला की तहानलेले राहणे येईल. पण रामजी बाबांबद्दल एक गोष्ट आपण विसरतो. ते लष्करी शाळेत शिक्षक होते. पोराला घरी शिकवण्याची पात्रता त्या काळात त्यांच्याइतकी कोणात होती? आणि त्यांनी घरी शिकवलेही, पहाटे उठवून अभ्यास घेतला. तरीही पोराला शाळेतून काढले नाही. घरचा अभ्यास त्यांच्यासाठी शाळेत टिकण्याची शिदोरी होती, शाळेचा पर्याय नव्हता.

याला मोठे कारण आहे. १८४८ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींची शाळा काढली, ती चार भिंतींबाहेर यावे म्हणून. ज्यांना शतकानुशतके "घरीच राहा" सांगितले गेले, त्यांनी स्वतःहून घरी परतायचे? बाबासाहेब कोलंबियात ज्या जॉन ड्यूईंकडे शिकले, त्यांच्या मते शाळा म्हणजे समाजात एकत्र जगण्याचा सराव. आणि जात मोडायची, तर माणसांनी एकमेकांत मिसळले पाहिजे, हे बाबासाहेबांनी आयुष्यभर मांडले. हा सराव स्वयंपाकघराच्या टेबलावर होत नाही.

यावर प्रामाणिक आक्षेप आहे, आणि तो माझाच होता. रोहित वेमुला, डॉ. पायल तडवी शिक्षणसंस्थांतच होते ना? तिथे काय झाले? ही भीती खोटी नाही. अपमानाने कोमेजत चाललेल्या मुलाला काही महिने बाजूला घेणाऱ्या आईबापांना मी दोष देणार नाही. जखम भरायला वेळ लागतो. पण बाजूला घेणे हा उपचार आहे, राहण्याचे ठिकाण नाही. मोठेपणी तिला कॉलेजात, ऑफिसात, हॉस्पिटलात हेच लोक भेटणार आहेत. तेव्हा पहिल्यांदा सामना होण्यापेक्षा, आत्ता आम्ही पाठीशी उभे असताना तो व्हावा.

आणि लढायला साधने आहेत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात मुलांच्या मानसिक छळाला मनाई आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. सत्र निम्मे गेले म्हणून नाकारता येत नाही. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यांत वंचित घटकांच्या पालकांना स्थान आहे. आपल्या किती कार्यकर्त्यांनी ती बैठक कधी पाहिली आहे? जयंतीच्या मंडळात आपण सगळे असतो. शाळेच्या समितीत कोण असते?

आमचा निर्णय झाला. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती वस्तीजवळच्या मनपाच्या शाळेत पहिलीत जाईल. ती शाळा आदर्श आहे म्हणून नाही. तिथेही बाई आहेत, तिथेही जात आहे. पोषण आहाराच्या वेळी पंगत एक असते की दोन, हे पाहायला आम्ही जाऊ. समितीच्या बैठकीत बसू. घरचा तास बंद होणार नाही, फक्त घराबाहेर येईल. रोज संध्याकाळी बुद्धविहारात तास, वस्तीतल्या मुलांसकट. ती दहा वर्षांची मुलगीही येईल, भावाला कडेवर घेऊन आली तरी चालेल. एकोणतीस तिथे सगळी मिळून शिकतील.

तुमच्यापैकी जे मुलांना घरी शिकवत आहेत, त्यांनी अर्ध्या सत्रात वही जरूर उघडावी. वाचन, लेखन, गणित तपासा. पण "कोणाबरोबर?" हा रकाना आधी भरा. तो रिकामा असेल तर बाकीचे गुण मोजू नका.

पोरीला शाळेचे सांगितले, तेव्हा तिने एकच विचारले : "तिथे डबा कोणाबरोबर खायचा?" याचे उत्तर तिला एकटीला शोधायला लावायचे नाही. ते आपण सगळ्यांनी मिळून द्यायचे आहे.

जय भीम!