श्रद्धेला प्रचाराच्या गाड्याला जुंपू नका!

११ एप्रिल २०२५ रोजी, महात्मा फुल्यांच्या जयंतीदिनी, 'फुले' हा चित्रपट पडद्यावर यायचा होता. तो आला नाही. काही ब्राह्मण संघटना खवळल्या आणि प्रदर्शन दोन आठवडे पुढे गेले. प्रमाणपत्र मंडळाची कात्री तर त्याआधीच चालली होती. 'मांग' म्हणू नका, 'महार' म्हणू नका, 'पेशवाई' म्हणू नका! गुलामी तीन हजार वर्षांची म्हणू नका, 'अनेक वर्षांची' म्हणा! जोतिरावांच्या पुतळ्याला हार घालायचे आणि ते ज्याच्याविरुद्ध आयुष्यभर झगडले त्याचे नाव मात्र तोंडातून काढायचे नाही, असा हा हुकूम आहे. हा हुकूम काढणाऱ्यांचा आणि ज्यांच्या धाकाने तो निघाला त्यांचा, दोघांचाही आम्ही जाहीर धिक्कार करतो.

१८५५ सालचा 'ज्ञानोदय' काढून पाहा. फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीचा निबंध त्यात छापला आहे. मांग-महारांच्या दुःखाविषयी, असा त्याचा विषय शीर्षकातच आहे. वेद आमचे नाहीत, देवळात आम्हाला पाऊल टाकता येत नाही, मग आमचा धर्म तरी कोणता, असा जाब या पोरीने थेट देवाला आणि धर्ममार्तंडांना विचारला. तो छापला कोणी? अमेरिकन मिशनऱ्यांच्या पत्राने. इंग्रजी अमलात एका ख्रिस्ती पत्राने जे शब्द मथळ्यात छापले, ते १७० वर्षांनी स्वतंत्र भारतातले सरकारी मंडळ पडद्यावर उच्चारू देत नाही. मुक्ता आज असती, तर तिच्या निबंधाचे शीर्षकसुद्धा या मंडळाच्या हातून सुटले नसते!

जोतिरावांच्या चरित्रातली आणखी एक गोष्ट सनातनी राजकारणाला कायम खुपत आली आहे. जोतिराव पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. अध्यापनाचे धडे घेताना सावित्रीबाईंना अहमदनगरच्या मिस सिंथिया फरार यांचे मार्गदर्शन मिळाले. जोतिराव ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी स्वतःचा सार्वजनिक सत्यधर्म सांगितला. पण उपकार ते विसरले नाहीत. शूद्रातिशूद्रांच्या पोरांना अक्षर शिकवायला जो पुढे आला, त्याचा हात त्यांनी धरला. 'मिशनरी आला म्हणजे धर्म विकत घ्यायलाच आला' या एका वाक्यावर ज्यांचे राजकारण चालते, त्यांना हा इतिहास झेपणार कसा?

आणि सिनेमाने तरी आपले मूळ कशाला विसरावे? त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला, त्यात त्यांना राम-कृष्ण दिसू लागले, आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' उभा राहिला. आपल्या चित्रपटाच्या जन्मकथेतच येशू आहे. परक्याच्या देवाकडे पाहून आपला देव अधिक जवळचा वाटावा, इतके मोठे मन या माणसाकडे होते. पुढे त्याच चित्रसृष्टीने ख्रिस्ती माणसाला काय दिले? दारूची बाटली, तोकडा झगा आणि मोडकी हिंदी. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त निदान एक पाद्री अनाथ पोराला पोटाशी धरतो. पण मराठवाड्यातल्या गावकुसाजवळ, रविवारी पत्र्याच्या शेडखाली सतरंजी अंथरून, ढोलकी-टाळांवर ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजने म्हणणारी शेतमजूर बाई कोणत्या गाजलेल्या चित्रपटात दिसली? आठवड्याची मजुरी संपवून ती तिथे येते, पदर डोक्यावर घेते, पोराच्या तापासाठी आणि पावसासाठी हात जोडते. हे दृश्य पडद्यावर येत नाही, म्हणूनच तिच्याविषयी काहीही खपवता येते.

खपवले जातेच आहे! जून २०२५ मध्ये सांगलीत आमदार गोपीचंद पडळकर यांनी पाद्र्यांना मारणाऱ्यांसाठी लाखालाखांची बक्षिसे जाहीर केली. निमित्त धर्मांतराच्या आरोपाशी जोडलेल्या एका विवाहितेच्या मृत्यूचे होते. त्या घराचे दुःख खरे आहे. दोषी असतील त्यांना न्यायालयाने जरूर शिक्षा करावी. पण कायदा करण्यासाठी निवडून दिलेला माणूस मारहाणीचा दर ठरवतो, हे महाराष्ट्राने कसे सोसले? जुलैत ख्रिस्ती समाजाला आझाद मैदानावर उतरावे लागले. चक्रधरांच्या आणि एकनाथांच्या मुलखाला याची लाज वाटली पाहिजे.

आता चर्चलाही चार खडे बोल. २००६ साली 'द दा विंची कोड' आला, तेव्हा याच चर्चच्या नावाने बंदीची मागणी झाली, आणि गोव्यासह काही राज्यांनी ती मान्यही केली. भावना दुखावल्या म्हणून कात्री मागण्याचा पायंडा तुम्हीही पाडलात. तीच कात्री आज तुमच्या वाटेवर आहे. त्याहून घोर गोष्ट एप्रिल २०२४ ची. केरळच्या इडुक्की धर्मप्रांताने धर्मशिक्षणाच्या वर्गात दहावी-बारावीच्या पोरांना 'द केरला स्टोरी' दाखवला. बत्तीस हजार मुलींच्या धर्मांतराच्या ज्या आकड्यावर हा चित्रपट गाजवला गेला, त्याला विश्वसनीय आधार नसल्याची सूचना पडद्यावर दाखवण्याची वेळ २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात आली होती. शेजाऱ्यावर प्रेम करायला सांगणाऱ्या धर्माच्या वर्गात शेजाऱ्याची धास्ती शिकवली गेली! तेही मणिपुरात चर्चेस जळून वर्ष उलटायच्या आत. त्याच केरळात वायपीनच्या एका चर्चने उत्तर म्हणून मणिपुरावरचा माहितीपट दाखवला. ख्रिस्ताचे नाव त्या दिवशी कोणी राखले, हे सांगायला धर्मपंडित लागत नाही.

बंदी आम्हाला कशावरच नको, 'द केरला स्टोरी'वरही नको. बंगालने घातलेल्या बंदीला न्यायालयाने स्थगिती दिली, ते योग्यच झाले. आमचा संताप वेगळ्याच गोष्टीवर आहे. उत्तर प्रदेशचे सरकार एका चित्रपटाचा कर माफ करते आणि केंद्राचे मंडळ दुसऱ्याची जीभ छाटते. द्वेषाला सवलत आणि वेदनेला कात्री, हा न्याय कुठला?

'जगात जर्मनी, भारतात परभणी' असे आपण छाती फुगवून म्हणतो. तर त्या जर्मनीचेही ऐका. हिटलरच्या काळात तिथल्या चर्चमधले कितीतरी लोक स्वस्तिकाखाली उभे राहिले. डीट्रिख बॉनहॉफर हा पाद्री उभा राहिला नाही. ९ एप्रिल १९४५ ला त्याला फाशी दिली. २०२४ च्या अखेरीस त्याच्यावर अमेरिकेत चित्रपट आला, आणि जाहिरातीत पाद्र्याच्या हाती पिस्तूल दिले गेले. आमच्या पूर्वजाला तिथल्या कडव्या ख्रिस्ती राष्ट्रवादाचा शिपाई करू नका, असे त्याच्या कुटुंबातल्या वंशजांना आणि अभ्यासकांना ओरडून सांगावे लागले. धर्म कोणताही असो, देश कोणताही असो, सत्तेला संत नको असतात; तिला संतांचे चेहरे हवे असतात.

परभणीने हे ओळखले पाहिजे. निजामाच्या राज्यात सभा घ्यायची तर 'गस्ती निशाण ५३' हे सरकारी फर्मान आडवे येई. तरीही १९३७ साली तेव्हा याच जिल्ह्यात असलेल्या परतूरला महाराष्ट्र परिषद भरली. बोलण्याचा हक्क आपल्याला कोणी दान दिलेला नाही. आणि १० डिसेंबर २०२४ ला याच शहरात बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, तेव्हा जिल्हा पेटून उठला. त्या संविधानाच्या पंचविसाव्या कलमात धर्म मानण्याचा, पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क लिहिला आहे. एकोणिसाव्यात बोलण्याचा आहे. प्रतिकृतीवर पडलेला हात तेवढा गुन्हेगार आणि ही कलमे रोज पायदळी तुडवणारे मान्यवर, असे चालणार नाही.

म्हणून आमचे बोलणे स्वच्छ आहे. मंडळाने फुल्यांच्या तोंडचे शब्द फुल्यांना परत करावेत. बक्षिसे लावणाऱ्यांवर सरकारने गुन्हे नोंदवून खटले चालवावेत. चर्चने बंदीची भाषा सोडावी आणि पोरांना द्वेषाचे चित्रपट दाखवल्याबद्दल जाहीर माफी मागावी. परभणीकरांनो, तुम्ही तिकीट काढताना पडद्यावर कोणाला खलनायक केले आहे आणि त्याचा लाभ कोणाला होणार आहे, हे आधी विचारा. जो धर्म शेजाऱ्याच्या द्वेषाशिवाय उभा राहू शकत नाही, तो खुशाल कोसळू द्या. त्याला टेकू देणे हे चित्रपटाचे काम नाही, चर्चचे नाही, आणि संविधानाची शपथ घेतलेल्या सरकारचे तर मुळीच नाही!