मालपुव्याला पाचपैकी किती?

वर्षभर डोनट, मोमो, मिसळ आणि वडापावची दुकाने पालथी घालून त्यांना पाचपैकी गुण देणारी तरुण मंडळी आता शहरोशहरी आहेत. कुठला डोनट मऊ, कुठल्याला तेलाचा वास, कुठे साखरेचा मारा, याचा हिशेब त्यांच्या मोबाइलवर चोख असतो. रमजान लागला की हीच मंडळी मोहल्ल्याकडे वळतात. मुंबईत मोहम्मद अली रोडवर, मिनारा मशिदीच्या गल्लीत संध्याकाळनंतर पाय ठेवायला जागा नसते. नागपूरच्या मोमिनपुऱ्यात, पुण्याच्या कोंढव्यात आणि लहान शहरांतही मशिदीजवळच्या रस्त्यावर कमी-अधिक हेच चित्र दिसते.

ही गर्दी सर्व धर्मांच्या लोकांची असते, याचा आनंदच मानायला हवा. ज्या गल्लीचे नाव काही जण एरवी फक्त बातमीत वाचतात, तिथे ते सहकुटुंब येतात आणि हातात द्रोण घेऊन उभे राहतात. मालपुवा कढईत सोडताना बघतात. मैदा, मावा आणि अंडी फेटून तो तुपात तळतात आणि वर मलई किंवा रबडी घालतात. (अंडे चालत नसेल त्यांनी आधी विचारावे. सांगताना कोणी वाईट वाटून घेत नाही.) शेजारी मातीच्या वाटीत गार फिरनी असते. तांदळाची भरड दुधात आटवलेली असते आणि वाटीची माती जास्तीचे पाणी शोषून घेते, म्हणून ती घट्ट लागते. काळपट, जाडजूड बुऱ्हाणपुरी मावा जलेबी पहिल्यांदा पाहणारा ‘ही करपली का?’ असे हमखास विचारतो.

इथवर सारे छान. पुढे एक घास खाल्ला जातो, कॅमेऱ्याकडे बघून ‘पाचपैकी अडीच’ म्हटले जाते आणि पाहुणा पुढच्या गाडीकडे निघतो. खटकते ते इथे.

हे गुण कोणाला मिळतात, याचा क्षणभर विचार करावा. कढईसमोरचा कारागीर बहुधा रोज्यात असतो. पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत, आपल्याकडे सुमारे १३-१४ तास, पाण्याचा घोटही नाही. त्याची तयारी दुपारपासून सुरू असते. गरज पडली तर पदार्थ जिभेच्या टोकावर ठेवून थुंकून टाकण्याची मुभा धर्मशास्त्राने स्वयंपाक्याला दिली आहे, पण पुष्कळ जण तीही घेत नाहीत. पाकाची तार बोटांवर जोखायची, मीठ अंदाजाने घालायचे, तुपाचा ताव वासावरून ओळखायचा. स्वतः न चाखता शेकडो लोकांसाठी रांधलेले ते अन्न असते. त्यात एखाद्या दिवशी साखर कमी-जास्त झाली, तर अडीच गुणांच्या आकड्यात यातले काहीच दिसत नाही.

पैगंबरांबद्दल हदीसमध्ये एक साधी नोंद आहे. त्यांनी अन्नाला कधी नावे ठेवली नाहीत. आवडले तर खाल्ले, नाही आवडले तर बाजूला ठेवले. मराठी वाचकाला यात नवे काही वाटणार नाही. ‘अन्नाला नावं ठेवू नयेत’ हे वाक्य या मातीतल्या प्रत्येक घरात ताटावर बसल्या बसल्या ऐकावे लागले आहे. एका घरी ती शिकवण हदीसमधून आली, दुसऱ्या घरी आजीकडून. पंगत मात्र एकच.

याचा अर्थ तक्रारच करू नये असा नाही. तेल शिळे असेल, अन्न उघड्यावर असेल, गर्दी पाहून भाव अव्वाच्या सव्वा लावला असेल, तर बोललेच पाहिजे. माप पुरे द्या, हा कुराणाचा स्पष्ट आदेश आहे. रमजानच्या नावाखाली कोणी खराब माल खपवत असेल तर त्याला पाठीशी घालणे हा धर्म नव्हे. पण ग्राहकाची तक्रार वेगळी आणि करमणूक म्हणून ठेवलेली नावे वेगळी. एका महिन्यापुरती गाडी लावणाऱ्याला या महिन्याच्या कमाईवर मुलांचे ईदचे कपडे घ्यायचे असतात. त्याच्या गाडीवर फिरवलेला एक नकारार्थी व्हिडिओ त्याची पुढची कित्येक गिऱ्हाइके तोडू शकतो.

दोष एका बाजूचा नाही. या गुणांच्या हव्यासापायी काही दुकानदारही वाहवत गेले आहेत. मालपुव्यावर चॉकलेट ओतायचे, नवलासाठी रंग वाढवायचे, मोठ्या आवाजात गाणी लावायची, तेही शेजारच्या मशिदीत तरावीहची नमाज चालू असताना. उष्ट्या द्रोणांचा ढीग मात्र सकाळी सफाई कामगाराच्या वाट्याला येतो. भूक काय असते ते कळावे म्हणून ज्या महिन्यात उपवास धरायचा, त्याच महिन्यात इफ्तारच्या मेजवान्यांत अर्धी ताटे टाकून द्यायची, हे मुस्लिम समाजाने स्वतःलाच विचारायचे प्रश्न आहेत.

तरीही गल्लीत यावे, जरूर यावे. फक्त एकदा रात्री दहाऐवजी सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी यावे. तेव्हा कढई तापत असते, पण खाणारा कोणी नसतो. दुकानदार, हमाल, रिक्षावाला एका फडक्याभोवती बसलेले असतात, समोर खजूर, कापलेली फळे, पाणी. मगरीबची अजान होईपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. त्या वेळी बाजूला उभ्या असलेल्या माणसाच्याही हातावर खजूर ठेवला जातो. त्याचे नाव, जात, धर्म कोणी विचारत नाही. मोबाइल खिशात ठेवून तो घ्यावा, चार शब्द बोलावेत, मालपुवा करणाऱ्याचे नाव विचारावे.

रमजान २९ किंवा ३० दिवसांचा असतो. गल्ली बारा महिने तिथेच असते. ईदनंतरच्या एखाद्या साध्या मंगळवारी, गर्दी ओसरल्यावर, त्याच दुकानात पुन्हा चहाला जावे आणि त्या माणसाला नावाने हाक मारावी.