शांत पुढच्या महिन्यात करा, दवाखान्यात आज जा

विनंती तातडीची आहे, म्हणून प्रस्तावना करत नाही. तुमच्या घरात कुणाची झोप उडून दोन आठवडे झाले असतील, 'कानाशी कुणीतरी बोलतंय' असं कुणी म्हणत असेल, आपल्या जेवणात काही घातलंय असा संशय घेत असेल, रात्र रात्र न झोपताही दुप्पट उत्साहाने फिरत उधारी करत सुटलं असेल, किंवा 'आता जगून काय करायचं' हे एकदा जरी बोलून गेलं असेल, तर आज, फार तर उद्या सकाळी, त्या माणसाला मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. पत्रिका दाखवायची असेल तर दाखवा. शांत करायची असेल तर करा. तिला मुहूर्त लागतो, केसपेपरला लागत नाही.

सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात समाजकार्यकर्ती म्हणून मी बसते. नातेवाईक माझ्यासमोर पिशवी उघडतात, तेव्हा सगळ्यात वर बहुधा पत्रिकाच असते. मागे एक आई मुलाला घेऊन आली. मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा, इंजिनीअरिंग अर्धवट सोडलेला, नजर जमिनीवर. पिशवीतून आधी पत्रिकेची झेरॉक्स निघाली, चंद्र-राहूच्या घराभोवती लाल पेनाने गोल केलेला. मग त्र्यंबकेश्वरला केलेल्या नारायण नागबळीच्या खर्चाचा कागद, मग मोत्याच्या अंगठीचं बिल. तळाशी चार घड्या पडलेली एक चिठ्ठी. गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'मनोविकारतज्ज्ञांना दाखवावे.' चिठ्ठी सव्वा वर्षापूर्वीची होती.

ही आई निष्काळजी नव्हती. मुलासाठी तिने बांगड्या गहाण टाकल्या होत्या. चिठ्ठीपेक्षा लाल गोलावर तिचा विश्वास अधिक बसला, एवढंच. आणि तो का बसतो हे आम्ही डॉक्टरांच्या बाजूच्या लोकांनी नीट समजून घेतलेलं नाही. ज्योतिषी तासभर ऐकून घेतो. 'तुमचे संस्कार कमी पडले' असं म्हणत नाही, चंद्र राहूच्या तावडीत आहे म्हणतो. वर तारीख देतो, की चैत्रानंतर सुटेल. आमच्या ओपीडीत पाच-सात मिनिटं मिळतात आणि तारीख कुणीच देत नाही. माणूस कुठे जाईल?

पण त्या सव्वा वर्षाचं काय? स्किझोफ्रेनियासारख्या आजारात पहिली लक्षणं दिसल्यापासून उपचार सुरू होईपर्यंत जितका काळ जातो, तितकं पुढे सावरणं कठीण होतं. शिक्षण सुटतं, मित्र तुटतात, नोकरी लागायचं वय निघून जातं. हे गेलेले महिने कोणत्याही गोळीने परत येत नाहीत. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आढळलं की वेगवेगळ्या मनोविकारांतल्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. या सगळ्याला पत्रिका जबाबदार आहे असं मी म्हणणार नाही. डॉक्टर कमी आहेत, दवाखाने लांब आहेत, लाज आहे. पण दाराशी आलेला उपचार पुढे ढकलायला पत्रिका फार सोयीची पडते.

आता जरा हिशेब करू. चंद्र मनाचा कारक. तो राहूसोबत असला तर ग्रहणयोग, शनीसोबत असला तर विषयोग, एकटा पडला तर केमद्रुम. त्यावर साडेसाती. कोणत्याही दिवशी बारा राशींपैकी तीन राशींना साडेसाती असते आणि आणखी दोन राशींना अडीचकी. म्हणजे बारातल्या पाच राशी शनीच्या तावडीत. विंशोत्तरीच्या १२० वर्षांत शनीची १९, राहूची १८ आणि केतूची ७ मिळून ४४ वर्षं होतात. एवढी जाळी लावल्यावर आजारी माणसाच्या पत्रिकेत काहीच सापडलं नाही, असं होईल कसं? खरा प्रश्न उलटा विचारायला हवा. आजारी नसलेल्यांच्या पत्रिकेत हेच योग किती सापडतात?

हा प्रश्न पुण्यात विचारून झालेला आहे. २००८ साली डॉ. जयंत नारळीकरांनी, डॉ. नरेंद्र दाभोलकर, प्रकाश घाटपांडे आणि सुधाकर कुंटे यांच्या साथीने, हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर पत्रिका जमवल्या आणि ज्योतिषांना आवाहन केलं, की पत्रिका पाहून कोणतं मूल कोणत्या गटातलं ते सांगा. प्रत्येकाला चाळीस पत्रिका दिल्या. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. सर्वांत यशस्वी ज्योतिषाची चोवीस उत्तरं बरोबर आली आणि सगळ्यांची सरासरी निम्म्याच्याही खालीच राहिली. नाणं उडवलं असतं तरी निम्मी बरोबर आली असती. बौद्धिक अक्षमता आणि मनोविकार या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मान्य. पण जन्मभर टिकणारी, उघड दिसणारी अवस्थाही पत्रिकेत ओळखू येत नसेल, तर येत्या-जात्या उदासीचा छडा तिथे लागेल हे मानायला मोठं धाडस हवं.

दुसरा घोटाळा राशीच्या स्वभावाचा. 'कर्क राशीचा आहे, हळवाच', 'वृश्चिकेची आहे, मनातलं कुणाला सांगायची नाही', 'मूळ नक्षत्रावरचा, तापट असणारच'. कौतुकाने किंवा वैतागून बोलताना यात फारसं बिघडत नाही. बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली आपल्या विद्यार्थ्यांना प्रत्येकाचं म्हणून एक स्वभाववर्णन दिलं होतं. विद्यार्थ्यांनी ते किती जुळतं याला पाचपैकी सरासरी सव्वाचारच्या वर गुण दिले. वर्णन सगळ्यांना एकच होतं, आणि त्यातली वाक्यं बाजारातल्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. आपल्याला आपलं वर्णन पटतं ते असं. माझी हरकत वेगळी आहे. बारावीपर्यंत घर डोक्यावर घेणारी मुलगी कॉलेजात गेल्यावर सहा महिन्यांत खोलीबाहेर पडेनाशी होते, केस विंचरत नाही, डबा तसाच परत आणते, आणि घरचे म्हणतात, तिची रासच तशी. अहो, रास जन्मापासून तीच आहे. बदललंय ते गेल्या दिवाळीनंतर. स्वभाव लहानपणापासून दिसतो, आजार एका टप्प्यावर सुरू होतो. 'हे कधीपासून?' हा एकच प्रश्न घरात बसून स्वतःला विचारा.

'पण शांत केल्यावर फरक पडला', हे मी जवळजवळ रोज ऐकते. पडत असेलही. नैराश्याचा झटका अनेकदा काही महिन्यांनी आपोआप ओसरतो, उन्मादाची लाटही उतरते. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या पंधरवड्यात गोळीने तोंड कोरडं पडतं, मळमळतं. घरचे कंटाळतात आणि पूजा ठरते. पूजेच्या सुमारास गोळी लागू पडायला लागते. श्रेय पूजेला जातं, गोळी बंद होते आणि दोन महिन्यांनी रुग्ण पुन्हा दारात उभा राहतो.

औषधांच्या बाबतीत तर मी पदर पसरते. गोळ्या मनाने बंद करू नका. गुरुजींनी सांगितलं, मावशींनी सांगितलं, 'सवय लागेल' म्हणून शेजाऱ्यांनी सांगितलं, तरी नाही. उन्मादाच्या आजारात दिलं जाणारं लिथियम अचानक थांबवलं तर आजार दामदुपटीने उलटू शकतो आणि आत्महत्येचा धोका वाढतो. आणि जे कुणीच सांगत नाही ते सांगते. लिथियम चालू असताना शनीसाठी अळणी शनिवार किंवा पाण्याशिवायचे उपवास धरू नका. मीठ अचानक तोडलं किंवा पाणी कमी पडलं की रक्तात लिथियम साठतं. हात जोरात थरथरतात, उलट्या-जुलाब होतात, झोक जातो, बोलणं अडखळतं. हा राहू नव्हे, विषबाधा आहे. लगेच दवाखाना गाठा. उपवास सोडवत नसेल तर डॉक्टरांशी आधी बोला. ते रागावले तरी बोला.

लग्नाबद्दल दोनच वाक्यं. 'गुरुबळ आलंय, लग्न उरकून टाका, डोकं ठिकाणावर येईल' हा उपाय नाही, त्यात आणखी एक आयुष्य भरडलं जातं. ३६ पैकी ३० गुण जुळवून औषधाची चिठ्ठी लपवलेल्या कितीतरी मुली सासरी गोळी उघडपणे घेता येत नाही म्हणून पुन्हा आजारी पडतात.

ज्योतिषी मंडळींना हात जोडून विनंती. तुमच्याशी वाद घालायला मी आलेली नाही. लोक आमच्याआधी तुमच्याकडे येतात, म्हणून तुमच्या हातात आमच्याहून जास्त आहे. गुजरातेत उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुआ' असा उपक्रम झाला आहे. मुजावर दुआ देतात आणि रुग्णाला आवारातच डॉक्टरांकडे पाठवतात. कुणाची श्रद्धा मोडत नाही आणि गोळीही चालू होते. तुम्ही हेच करा. उपाय लिहून द्याल त्या कागदावर पहिली ओळ मनोविकारतज्ज्ञाला दाखवण्याची लिहा. तुमच्या शब्दावर लोक बांगड्या गहाण टाकतात, तुमच्या शब्दावर ते ओपीडीतही येतील.

जिल्हा रुग्णालयांत मनोविकार विभाग असतो. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी सेवेतून उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क केला आहे, आणि आजारी माणसाला साखळीने बांधणं हा त्याच कायद्याने गुन्हा आहे, मग ते कुठल्याही देवस्थानात असो. येताना आधीच्या गोळ्यांची पाकिटं आणा, रिकामी असली तरी आणा. आजार कधीपासून, हे एका कागदावर लिहून आणा. रुग्ण यायला तयार नसेल तर तुम्ही एकटे या. आणि कुणी मरणाची भाषा बोलत असेल तर त्याला एकटं ठेवू नका, घरातली कीटकनाशकं आणि गोळ्यांचा साठा कुलपात टाका, आणि टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन लावा. फोन फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.