"दुखतंय का?" अहो, किती दाबल्यावर?

दाताच्या डॉक्टरने हिरडीवर बोट दाबून "दुखतंय का?" विचारणं म्हणजे "सर्व्हर स्लो आहे का?" विचारण्यासारखं आहे. लोड किती होता ते सांगायचं नाही आणि उत्तर मात्र पक्कं हवं! आम्ही असला बग रिपोर्ट दिला तर टेस्टिंगवाले हाकलून देतील. पेशंटच्या तोंडात हे खुशाल चालतं.

मुद्दा साधा आहे. दुखणं पेशंटचं, ते त्यालाच कळणार. पण दाब डॉक्टरचा, आणि तो मोजता येतो. मग तो का मोजत नाही?

मोजायचं यंत्र आहे, त्याला अल्गोमीटर म्हणतात. दाब ठरलेल्या वेगाने वाढवत न्यायचा, आणि नुसता दाब जिथे 'दुखणं' होतो तिथे पेशंटने बटण दाबायचं. तो आकडा म्हणजे वेदनेचा उंबरठा. यात टोकाचा आकारही महत्त्वाचा, कारण दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ (अकरावीचं फिजिक्स!). अर्धा किलोचा भार एक चौरस सेंटीमीटरवर दिला तर सुमारे ५० किलोपास्कल, पाव चौरस सेंटीमीटरवर दिला तर सुमारे २००. म्हणजे जाड बोटाचा डॉक्टर आणि बारीक बोटाची डॉक्टर एकाच हिरडीवर दोन वेगळ्या परीक्षा घेतात, आणि नापास होतो पेशंट.

हे काही माझ्या डोक्यातून आलेलं खूळ नाही. जबड्याच्या दुखण्याच्या निदानासाठी २०१४ साली जे आंतरराष्ट्रीय निकष छापून आले, त्यात गालाच्या आणि कानशिलाच्या स्नायूंवर १ किलो, तर तोंडाच्या आतून तपासायच्या जागांवर अर्धा किलो, असं स्पष्ट लिहिलंय. वर हेही विचारायचं, की "हेच का तुमचं नेहमीचं दुखणं?" हा खरा प्रश्न! हिरड्यांची खोली मोजायच्या सळईलासुद्धा जागतिक आरोग्य संघटनेने जेमतेम २० ग्रॅमची मर्यादा घातली आहे. शास्त्राला सगळं माहीत आहे. घोडं अडतंय ते खुर्चीपाशी.

आता कोणी म्हणेल, "एवढा कीस कशाला? अनुभवी बोटाला कळतं." मग पिंगळीचं ऐका. परभणीजवळच्या या गावात आमचे आजोबा राहतात. नवी कवळी खालच्या हिरडीला रुतायची. तीन फेऱ्या झाल्या. पहिल्या खेपेला डॉक्टरने दाबलं, आजोबा म्हणाले, "लै ठणकायलंय." दुसऱ्या खेपेला, "थोडं." तिसऱ्या खेपेला बोट हलकं पडलं असावं, आजोबा म्हणाले, "नाही." निकाल काय? "काही नाही बाबा, वय झालं, सवय होईल." तीन वेगवेगळे दाब, तीन उत्तरं, आणि खोटा ठरला म्हातारा! जिथल्या कृषी विद्यापीठाने 'परभणी मोती' नावाचं ज्वारीचं वाण काढलं, त्या जिल्ह्यातला माणूस आज भाकरी दुधात कुस्करून खातो.

दुसरा आक्षेप खर्चाचा. मान्य, अल्गोमीटर गावातल्या दवाखान्याला परवडणार नाही. पण किचनमधला वजनकाटा? त्यावर बोट दाबून अर्धा किलो म्हणजे नेमकं किती, हा सराव दोन मिनिटांत होतो. मग डाव्या-उजव्या बाजूला सारखाच दाब द्यायचा, आकडा केसपेपरवर लिहायचा, पुढच्या खेपेला तेवढाच द्यायचा. बस्स.

तिसरा आक्षेप वजनदार आहे: उंबरठा हलतो. झोप कमी, भीती जास्त, तर माणसाला लवकर दुखतं. खरंय. म्हणून तर एका माणसाचा आकडा दुसऱ्याशी लावायचा नाही. त्याच माणसाची दुसरी बाजू, त्याचीच मागची खेप, एवढीच तुलना करायची. आणि आकडा आला म्हणून शब्द फेकायचे नाहीत. ठणका, कळ, चमक, आग, झोंबणं ही वेगवेगळी दुखणी आहेत. रोनाल्ड मेल्झॅक या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये अशा शब्दांचीच मोठी प्रश्नावली केली. आपल्याकडे शब्द आयते आहेत, केसपेपरवर मात्र उतरतं एकच: 'पेन'.

वेदना मोजणं म्हणजे पेशंटवर अविश्वास, असं काहींना वाटतं. उलट आहे. दाब ठाऊक नसेल तर संशय घ्यायला एकच जण उरतो, तो म्हणजे ज्याचं तोंड उघडं आहे तो.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी घरच्या म्हाताऱ्यांना घेऊन खुर्चीपाशी उभे राहाल, तेव्हा विचारा: "डॉक्टर, किती दाबलंत?" राग आला तर येऊ दे.