निळ्या गाडीची कांती

मे महिन्याच्या सुट्टीत मोहगावला मावशीकडे गेले होते. निपाणीकडची माझी ही मावशी पन्नास वर्षांपूर्वी लग्न होऊन तिकडे गेली. मोहगाव सौंसर तालुक्यात, म्हणजे २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची नवी आखणी झाली. त्या दिवशी आपलं बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि सौंसरची मराठी माणसं मध्य प्रदेशातच राहिली. घरात मराठी, कचेरीत हिंदी. हिंदीच्या जागी कन्नड घाला, की आपलीच गोष्ट.

मावशीचे गुडघे गेलेत. बसच्या पायऱ्या चढवत नाहीत, वाटेत बाथरूमची पंचाईत. आईला एकदा माहेर दाखवायचं म्हणून मावसभावाने, दादाने, जुनी कॅम्पर गाडी विकत घेतली. आत झोपायला बाक, छोटं बेसिन, संडाससुद्धा. पण एकेक काम निघत गेलं आणि गाडी दोन उन्हाळे संत्र्याच्या बागेत उघड्यावर उभी राहिली. निळीशार केबिन राखेसारखी झाली. मावशी तिला टेकली, तर हिरव्या इरकली लुगड्यावर पांढरा पट्टा उमटला.

"आता भंगारात देऊन टाकतो," दादा म्हणाला. मावशी काहीच बोलली नाही. तेच मला लागलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी धुण्याची पावडर आणि भांड्याची घासणी घेऊन भिडले. वहिनी म्हणाली, "काहून इतकी मेहनत करून राहिली?" तासाभराने पाहिलं, तर मळ तसाच आणि वर बारीक चरे!

शेवटी सौंसरहून गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करणारे एक जुने कारागीर आले. त्यांनी तळहाताएवढी जागा पॉलिश करून दाखवली. तिथे निळा रंग चमकला. "जिवंत आहे," ते म्हणाले.

त्यांनी सांगितलं ते तुम्हालाही सांगते. कॅम्पर सगळ्यांकडे नसेल, पण फायबरची होडी, कूलर, टाकी यांचीही जात तीच. काचेचे धागे राळेत बसवून फायबर बनतं. त्यावर रंगीत राळेचा थर असतो, त्याला जेलकोट म्हणतात. तो जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. उन्हातली अतिनील किरणं त्याला वरून कुजवतात आणि तीच पांढरी भुकटी होते. ती काढली की खाली रंग असतो. पण थर संपला की धागे उघडे पडतात आणि पाणी आत शिरतं. म्हणून नियम एकच: सगळ्यात सौम्य उपाय आधी, आणि चमक आली की थांबायचं.

काम उन्हात करू नये. आधी साध्या पाण्याने धूळ उतरवायची, नाहीतर धुळीचे कणच चरे पाडतात. मग गाडी धुण्याचा शाम्पू आणि मऊ कापड. घासणी, थिनर, अॅसिड यांना हात लावायचा नाही. पुसून कोरडं झालं की खिडक्यांच्या कडा आणि भेगा तपासायच्या. दुरुस्ती आधी, मेण नंतर, कारण मेणावर काहीच चिकटत नाही.

मग रबिंग कंपाउंड. हातभर जागा घ्यायची, ओलसर कापडाने गोल गोल फिरवायचं. कापडाला रंग लागतो, तो आपल्याच थराचा, हे ध्यानात ठेवायचं. कोपऱ्यांवर थर पातळ, तिथे हात हलका. मशीन असेल तर वेग कमी, एका जागी थांबायचं नाही. त्यानंतर पॉलिश, आणि शेवटी मेणाचा पातळ हात. तो धूसर झाला की मऊ कापडाने पुसायचा. मेण ऊन अडवतं, पण स्वतः झिजतं. म्हणून तीन-चार महिन्यांनी पुन्हा लावायचं.

दादा म्हणाला, "त्यापेक्षा ऑइलपेंट मारून टाकू." कारागीर हसले, "भुकटीवर मारलेला रंग पोपडे होऊन निघतो." प्लास्टिकची ताडपत्रीही नको, कारण ती वाऱ्याने घासते आणि ओल कोंडून ठेवते. पत्र्याची शेड सगळ्यात चांगली.

पाच सकाळी आम्ही खपलो. मावशी खुर्चीवर बसून कापडं पिळून द्यायची. दादा कंटाळला की म्हणायची, "ताळिदवनु बाळियानु." पन्नास वर्षांत तिथे कुणाशी कन्नड बोलायची सोय नव्हती, तरी ही म्हण तोंडातच होती. दादाला अर्थ सांगायची, "धीर धरेल तो तरेल रे."

माझे चरे पुष्कळसे गेले. दाराजवळचे दोन मात्र खोल आहेत, ते राहिले. त्यांच्यासाठी अजून घासायला कारागीर तयार झाले नाहीत. त्यांचं बरोबर होतं.

निघताना मावशीने केबिनवर हात फिरवला आणि तळवा उलटा करून पाहिला. स्वच्छ होता. पावसाळा शेडमध्ये काढायचा, दसऱ्याआधी मेणाचा एक हात द्यायचा आणि दिवाळीला निघायचं, असं ठरलंय. निपाणीला मामींनी आत्तापासून खालची खोली झाडून ठेवलीय.