थ्रेड : ‘अबीज’ – शास्त्राला ठाऊक असलेला, घराने विसरलेला पुरुष

सन १८८४. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहर. जेफरसन मेडिकल कॉलेजचे प्राध्यापक विल्यम पॅनकोस्ट यांच्याकडे एक सधन जोडपे आले. नवरा व्यापारी, वय ४१. बायको ३१ वर्षांची. मूल होत नव्हते. तपासणी सुरू झाली ती अर्थातच बायकोची. ती बारकाईने, पुन्हापुन्हा झाली आणि काहीच दोष सापडला नाही. मग कोणाला तरी नवऱ्याची आठवण झाली. त्याचे वीर्य सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तर त्यात एकही शुक्रजंतू नव्हता. तरुणपणी त्याला परमा झालेला होता. दोन महिने औषधोपचार झाले, उपयोग शून्य.

पुढे जे घडले ते वैद्यकाच्या इतिहासातील एक लाजिरवाणे पान आहे. आणखी एक तपासणी करायची आहे, असे सांगून त्या बाईला पुन्हा बोलावण्यात आले. क्लोरोफॉर्म देऊन तिला बेशुद्ध केले आणि वर्गातील सर्वांत देखण्या ठरवलेल्या विद्यार्थ्याचे वीर्य रबरी पिचकारीने तिच्या गर्भाशयात सोडले. तिला दिवस गेले. तेव्हा कोठे प्राध्यापकांनी नवऱ्याला खरा प्रकार सांगितला. नवरा रागावला नाही, उलट आनंदला. त्याची अट एकच होती : बायकोला हे कधीही कळता कामा नये.

या घटनेकडे पाहताना सहज मनात येणारे एक स्पष्टीकरण असे, की जुन्या काळी माणसे अज्ञानी होती. मूल न होण्याचे कारण पुरुषातही असू शकते हे त्यांना ठाऊकच नव्हते आणि विज्ञानाने हळूहळू डोळे उघडले. हे स्पष्टीकरण सोयीचे आहे, पण चूक आहे. निदान भारतापुरते तरी ते साफ चूक आहे. येथे ज्ञान आधी होते आणि विस्मरण नंतर आले.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात पतीच्या दोषांची एक छोटी यादी आहे : उन्मत्त, पतित, क्लीब, अबीज आणि पापरोगी. अशा पतीविषयी तिटकारा दाखवणाऱ्या पत्नीचा त्याग करू नये आणि तिचे धनही काढून घेऊ नये, असा तेथील आशय. यात ‘क्लीब’ आणि ‘अबीज’ हे दोन शब्द वेगवेगळे आले आहेत, हे नीट पाहण्यासारखे आहे. क्लीब म्हणजे ज्याला समागमच साधत नाही तो. अबीज म्हणजे ज्याला तो साधतो, पण ज्याच्या बीजातून अपत्य होत नाही तो. आज शिकलेल्या माणसांच्या बोलण्यातही या दोन गोष्टींची सर्रास गल्लत होते. स्मृतिकाराच्या मनात ती नव्हती.

याज्ञवल्क्यस्मृती एक पाऊल पुढे जाते. वराच्या गुणांमध्ये ती त्याचे पुंस्त्व यत्नपूर्वक पारखलेले असावे, असे सांगते. म्हणजे लग्नाआधी पारखायचे ते वराला. या स्मृतीवर विज्ञानेश्वराने मिताक्षरा ही टीका लिहिली, ती कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, म्हणजे आजच्या बसवकल्याणात. आणि महाराष्ट्रात शतकानुशतके हिंदू कायद्याचा आधार म्हणून मान्य झालेल्या ग्रंथांत मिताक्षरेचे स्थान फार वरचे. नारदस्मृती तर नपुंसकाचे चौदा प्रकार मोजते, त्यांतले बरे होण्यासारखे कोणते आणि न होण्यासारखे कोणते हे सांगते, आणि स्त्री हे क्षेत्र असेल तर ज्याच्याजवळ बीज नाही त्याला क्षेत्र मिळण्याचा अधिकार नाही, असा रोखठोक निष्कर्ष काढते. स्त्रीला शेत मानणारी ही उपमा आजच्या वाचकाला खटकेल, खटकावीच. पण त्याच उपमेने पुरुषावरही एक जबाबदारी टाकली होती.

वैद्यकातही तेच. सुश्रुताने गर्भधारणेसाठी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज अशा चार गोष्टी जुळाव्या लागतात असे म्हटले आणि शुक्राच्या दोषांचे सविस्तर वर्णन केले. चरकाने निरपत्य माणसाला सावली नसलेल्या, एकाच फांदीच्या, फळ न धरणाऱ्या झाडाची उपमा दिली. तिथला ‘निरपत्य’ हा शब्द ‘नर’ या शब्दाचे विशेषण आहे. फळ न धरणारे झाड म्हणजे बाई, हे समीकरण चरकाचे नव्हे.

आणि मग महाभारत. विचित्रवीर्य दोन बायकांसह सात वर्षे संसार करून क्षयाने निपुत्रिक मरतो आणि कुरुवंश थांबतो. पुढच्या पिढीत पंडूला शाप आहे : स्त्रीसंग करील तर मरेल. आदिपर्वातला पंडू हे दुःख लपवत नाही. तो ऋषींसमोर बोलतो आणि कुंतीशी तर दीर्घ वाद घालतो. नियोगाने पुत्र मिळव, असे तो तिला विनवतो. पुत्रांचे प्रकार मोजतो, जुने दाखले देतो. कुंती आधी नकार देते, आपल्या बाजूने व्युषिताश्व आणि भद्रा यांची कथा सांगते आणि शेवटी दुर्वासाने दिलेल्या मंत्राची गोष्ट उघड करते. एक नवरा आपले अपुरेपण बायकोसमोर मांडतो, ती प्रतिवाद करते आणि दोघे मिळून मार्ग ठरवतात, असा हा प्रसंग आहे. फिलाडेल्फियातल्या क्लोरोफॉर्मच्या बाटलीशेजारी तो ठेवून पाहावा.

अर्थात, नियोगाला सोन्याचा मुलामा देण्याचेही कारण नाही. अंबिकेला कोणी विचारले होते? सत्यवतीची आज्ञा झाली, व्यास आले, अंबिकेने भीतीने डोळे मिटले, अंबालिका पांढरीफटक पडली. पुन्हा पाठवले तेव्हा अंबिकेने आपल्या जागी दासीला पाठवले. राजघराण्याच्या वंशाची किंमत येथेही बायकांच्याच शरीरांनी मोजली आणि शेवटी त्यांतल्या सर्वांत दुबळ्या बाईने. फरक एवढाच की कमतरता कोणाच्या बाजूला आहे, हे सारी सभा जाणत होती.

हे जाणणे पुढे कोठे गेले? मनुस्मृतीतच दोन आवाज ऐकू येतात : आधी काही श्लोकांत नियोगाचे नियम आणि लगेच पुढच्या श्लोकांत त्याचा कडक निषेध. नंतरच्या निबंधकारांनी नियोगाला कलिवर्ज्यांच्या यादीत टाकले, महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या निषेधांचा विस्तृत आढावा सापडतो. नियोग बंद झाला हे वाईट झाले, असे कोणी म्हणणार नाही. पण नियोगाबरोबर एक कबुलीही बंद झाली. नियोग करायचा तर नवऱ्याला उणे मान्य करावे लागे. उरले दोन उपाय : दत्तक आणि दुसरी बायको. या दोन्हींत नवऱ्याला काहीच मान्य करावे लागत नाही. त्याच नवव्या अध्यायात वंध्या पत्नी असताना आठव्या वर्षी दुसरी करावी, अशी मुदत घालून दिलेली आहे. मुले जगत नसतील तर दहाव्या वर्षी, मुलीच होत असतील तर अकराव्या. ही मुदत लोकांच्या लक्षात राहिली. दोन श्लोक आधीचा ‘अबीज’ मात्र कोणाच्या लक्षात राहिला नाही.

समाज काय विसरला, हे त्याच्या शब्दांतही दिसते. मराठीत बाईसाठी ‘वांझ’, ‘वांझोटी’ हे शब्द आहेत आणि ते शिवीसारखे वापरले जातात. पुरुषासाठी त्या अर्थाचा, तितका रुळलेला घरगुती शब्द नाही. ‘षंढ’, ‘नपुंसक’ आहेत, पण ते क्लीबाचे भाऊ. अबीजाला मराठीने नावच ठेवले नाही.

इतिहासाच्या चाहत्यांनी येथे एक पथ्य पाळायला हवे. अमुक राजाला मूल नव्हते म्हणून तो वंध्य होता, असे निदान बखरीवरून करता येत नाही. मुले जन्मत आणि बालपणी मरत. मुली मोजल्या जात नसत. ‘निपुत्रिक’ याचा अर्थ अनेकदा ‘हयात मुलगा नाही’ एवढाच. डलहौसीच्या काळात साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये आणि नागपूर व झाशी १८५४ मध्ये खालसा झाली, तेव्हा औरस वारस नसणे हा घरगुती प्रश्न राहिला नव्हता, हे खरे. झाशीच्या गंगाधररावांना तर मुलगा झाला होता. तो काही महिन्यांतच गेला. पण एखाद्या घराण्यात एकाच पुरुषाच्या चार-चार, पाच-पाच राण्यांपैकी कोणालाच मूल झाले नसेल, तर तेथे सर्वांत साधा प्रश्न कोणता, हे सांगायला वैद्य लागत नाही. तो प्रश्न न विचारता पुढचे लग्न ठरवले जाई.

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न उघडपणे मांडण्याची एक संधी महाराष्ट्राकडे आली होती. विधवाविवाहाच्या वादात पराशरस्मृतीतील एक श्लोक केंद्रस्थानी होता. पती बेपत्ता झाला, मेला, संन्यासी झाला, क्लीब निघाला किंवा पतित झाला, तर या पाच आपत्तींत स्त्रीला दुसरा पती करता येतो, असा त्याचा अर्थ सुधारकांनी लावला. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी १८५५ मध्ये त्यावर ग्रंथ रचला, १८५६ मध्ये कायदा झाला, विष्णुशास्त्री पंडितांनी तो ग्रंथ मराठीत आणला आणि १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांपुढे शास्त्रार्थ झाला. वादाचे सारे ओझे ‘मेला’ या एका शब्दावर पडले. ते योग्यच होते. बालविधवांचे हाल डोळ्यांसमोर होते. पण श्लोकात पाच शब्द होते. चौथ्या शब्दावर, म्हणजे जिवंत पण अपुऱ्या नवऱ्यावर, चळवळ उभी राहिली नाही. मेलेल्या नवऱ्याविषयी बोलणे जिवंत नवऱ्याविषयी बोलण्यापेक्षा सोपे असते.

तोवर युरोपात पुरावाही जमत होता. डेल्फ्टच्या लेवेनहूकने १६७७ मध्ये वीर्यातले वळवळणारे जीव पाहून लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. ते नेमके काय करतात, हे समजायला आणखी दोनशे वर्षे गेली. १८७६ मध्ये ऑस्कर हर्टविगने समुद्री साळूच्या अंड्यात शुक्रजंतूच्या प्रवेशानंतर दोन केंद्रके एकत्र येताना पाहिली. १८८१ मध्ये सॅम्युअल ग्रॉस या शल्यवैद्याने आपल्या ग्रंथात लिहिले, की अपत्यहीन जोडप्यांपैकी सुमारे सहांत एका ठिकाणी दोष नवऱ्यात असतो, म्हणून बायकोवर उपचार करण्याआधी नवऱ्याला तपासावे. ग्रॉस फिलाडेल्फियाचाच. म्हणजे पॅनकोस्ट यांच्या तपासणीच्या तीनच वर्षे आधी, त्याच शहरात, हे छापून आलेले होते. तरीही पहिली पाळी बायकोची आली. अज्ञानाचा मुद्दा येथे पुरता निकालात निघतो.

त्यानंतरचा प्रवास थोडक्यात. मुंबई प्रांतात १९४६ मध्ये द्विभार्याप्रतिबंधक कायदा आला आणि मूल नाही म्हणून दुसरी बायको करण्याची वाट हिंदू पुरुषांसाठी बंद झाली. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या चमूच्या प्रयत्नांनी हर्षा चावडा हिचा जन्म झाला. त्या काळचे टेस्ट ट्यूब तंत्र मुख्यतः बीजवाहिन्या बंद असलेल्या स्त्रियांसाठी होते. नवऱ्याचे शुक्रजंतू फारच कमी असतील तर त्याचा उपयोग बेताचा. १९९२ मध्ये ब्रसेल्समधील संशोधकांनी एकच शुक्रजंतू सुईने थेट अंड्यात सोडून गर्भधारणा झाल्याचे जाहीर केले. हे ‘इक्सी’ तंत्र. ज्यांना पूर्वी दत्तक किंवा दात्याचे वीर्य यांखेरीज मार्ग नव्हता, असे असंख्य पुरुष त्यामुळे स्वतःच्या बीजाने बाप झाले.

हे तंत्र मोठेच आहे. पण ते कोणाच्या अंगावर चालते, तेही सांगितले पाहिजे. शुक्रजंतू कमी नवऱ्याचे. आठ-दहा दिवस पोटात टोचून घ्यायची ती बायको, भूल घेऊन बीजकोशांतून अंडी काढून घ्यायची तीही बायको. वीर्यतपासणी ही सगळ्या तपासण्यांत स्वस्त, बिनवेदनेची आणि एका दिवसात निकाल देणारी. तरीही अनेक घरांत ती सर्वांत शेवटी होते. तोवर बायकोची सोनोग्राफी, नळ्यांची तपासणी, कधी दुर्बीण, शिवाय उपास, नवस आणि सासरचे टोमणे एवढे सगळे उरकलेले असते. जागतिक पातळीवर साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारणाचा काही ना काही वाटा असतो, हे वैद्यक आज मान्य करते. याची झळ पुरुषालाही बसते. पंडूला बोलायला कुंती होती, ऋषी होते. आजचा नवरा अहवालाचा कागद पाकिटात घडी करून ठेवतो आणि आईला सांगतो, की डॉक्टर ‘हिच्यावर’ उपचार करीत आहेत.

भारताच्या २०२१ च्या साहाय्यक प्रजनन कायद्याने सर्व संबंधितांची लेखी संमती बंधनकारक केली आहे. पॅनकोस्ट यांच्या खोलीत घडले ते आज येथे गुन्हा ठरेल. त्यांचे गुपित फुटले ते २५ वर्षांनी. १९०९ मध्ये, पॅनकोस्ट हयात नसताना, त्या दिवशी हजर असलेल्या विद्यार्थ्यांपैकी एक, ॲडिसन डेव्हिस हार्ड, याने एका वैद्यकीय नियतकालिकात पत्र लिहून सगळी हकिकत छापली. तो मुलगा आता तरुण व्यापारी झाला असून आपण त्याच्याशी हस्तांदोलन केले आहे, असेही त्याने लिहिले. पत्रावरून मोठा गदारोळ उठला. प्राध्यापकाचे नाव, विद्यार्थ्याचे नाव, कॉलेजचे नाव सगळे इतिहासात नोंदले गेले. त्या बाईचे नाव पत्रात नाही.